कामाची पद्धत लिहिली, आता ती फाईलही जपा : एसओपीच्या डेटाची देखभाल आणि बॅकअप

बेकरीत खारीचं पीठ कोणत्या प्रमाणात मळायचं, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुना आला की आधी कुठे नोंद करायची, उमराहच्या ऑफिसात पासपोर्ट हातात आल्यापासून व्हिसा लागेपर्यंत कोणी काय करायचं, शाळेच्या कार्यालयात दाखला देण्याआधी कोणती कागदपत्रं तपासायची – अशी प्रत्येक कामाची ठरलेली पद्धत असते. ती पायरी-पायरीने लिहून ठेवली की तिला कार्यपद्धती म्हणतात. ऑफिसात सगळे तिला एसओपी म्हणूनच ओळखतात.

पूर्वी हे सगळं जुन्याजाणत्या माणसाच्या डोक्यात किंवा वहीत असायचं. आता ते संगणकात गेलं आहे. कोणी वर्डमध्ये लिहितं, कोणी गुगल डॉक्समध्ये, तर मोठ्या कंपन्या शेअरपॉइंट, कॉन्फ्लुएन्स, नोशन यांसारखी सॉफ्टवेअर वापरतात. आखाती देशांतल्या बांधकाम आणि तेल कंपन्यांत तर या कागदपत्रांसाठी डॉक्युमेंट कंट्रोलर नावाचं वेगळं पदच असतं. आयएसओ ९००१ या गुणवत्ता मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतही अशी कागदपत्रं गरजेच्या जागी मिळाली पाहिजेत, सुरक्षित राहिली पाहिजेत आणि त्यांतले बदल नियंत्रित असले पाहिजेत, अशी अट आहे.

लिहिण्याचं काम बहुतेक ठिकाणी मन लावून होतं. जपण्याचं काम मात्र राहून जातं. आणि एक गोष्ट विसरू नका : संगणक बंद पडतो किंवा जाणकार माणूस काम सोडतो, त्याच दिवशी एसओपीची गरज सगळ्यात जास्त असते. नेमकी त्या दिवशी ती उघडली नाही, तर लिहून उपयोग काय?

जपायचं म्हणजे नक्की काय काय?

फक्त मजकूर नाही. त्यासोबत हे सगळं येतं :

- पायऱ्या समजावणारे फोटो, तक्ते आणि जोडलेले कोरे फॉर्म
- जुन्या आवृत्त्या, म्हणजे कधी, कोणी आणि का बदल केला याची नोंद
- मंजुरी कोणी दिली, कोणत्या तारखेला दिली
- कोणाला फक्त वाचता येतं आणि कोणाला बदल करता येतो, याची यादी
- सॉफ्टवेअरचं नाव, त्याची आवृत्ती, लायसन्स की आणि इन्स्टॉल करायची फाईल

शेवटची गोष्ट बरेच जण विसरतात. डेटा हातात असतो, पण तो ज्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो तेच मिळत नाही.

रोजची देखभाल

बॅकअप घेण्याआधी घर आवरलेलं हवं. फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरी’ अशा तीन फाईली असतील, तर बॅकअपमध्येही तोच गोंधळ जाईल.

प्रत्येक एसओपीला क्रमांक द्या. फाईलच्या नावातच आवृत्ती आणि तारीख लिहा. चालू आवृत्ती एका फोल्डरमध्ये आणि रद्द झालेल्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. जुन्या आवृत्त्या पुसू नका. सहा महिन्यांपूर्वीच्या एखाद्या चुकीचा शोध घ्यायचा असेल, तर तेव्हा कोणता नियम चालू होता हे त्यातूनच कळतं.

एका माणसाकडे जिम्मेदारी द्या आणि त्याच्या गैरहजेरीसाठी दुसरा माणूसही ठरवा. ‘सगळे बघतील’ असं म्हटलं की कोणीच बघत नाही.

फाईल कोणाच्या खात्यात आहे हेही तपासा. छोट्या ऑफिसात हमखास असं होतं की एखादा हुशार मुलगा स्वतःच्या जीमेलवर सगळं लिहून देतो. तो नोकरी सोडतो आणि फाईलची मालकी त्याच्याकडेच राहते. संस्थेच्या नावाचं वेगळं खातं काढा, मालकी त्यावर घ्या. त्या खात्याचा पासवर्ड आणि दोन टप्प्यांच्या सुरक्षेचे राखीव कोड किमान दोघा जबाबदार व्यक्तींकडे असू द्या. खातं वापरातही ठेवा. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं आणि त्यातला डेटा गुगल काढून टाकू शकतं.

पासवर्ड, बँकेचे तपशील, आधार क्रमांक एसओपीत लिहू नका. एसओपी दहा जण वाचतात, आणि बॅकअप घेतला की हा मजकूर आणखी चार ठिकाणी जातो.

सिंक म्हणजे बॅकअप नाही

‘आमचं सगळं ड्राइव्हवर आहे, काळजी नाही,’ असं अनेक जण म्हणतात. गुगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्ह हे मुळात सिंक करतात. म्हणजे इथे बदललं की तिथेही बदलतं, आणि इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाईल ३० दिवस राहते, मग कायमची जाते. चूक ३१व्या दिवशी लक्षात आली तर?

आणखी एक फसवी गोष्ट. ड्राइव्ह संगणकावर लावलं की गुगल डॉक्सच्या फाईली फोल्डरमध्ये दिसतात. पण ती फक्त ऑनलाइन फाईलकडे नेणारी खूण असते, मजकूर त्यात नसतो. ती पेनड्राइव्हवर टाकली तर हाती काहीच येत नाही. त्यासाठी फाईल आधी वर्ड किंवा पीडीएफ स्वरूपात डाउनलोड करावी लागते.

कंपनी मोठी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, हे एप्रिल २०२२ मध्ये दिसलं. कॉन्फ्लुएन्स बनवणाऱ्या ॲटलासियन कंपनीत देखभालीचं काम चालू असताना चुकीचे ओळख क्रमांक दिले गेले आणि ७७५ ग्राहकांच्या साइट बंद पडल्या. काहींना त्या परत मिळायला दोन आठवडे लागले. कंपनीकडे बॅकअप होता, म्हणून डेटा परत आला. पण ज्यांच्या सगळ्या कार्यपद्धती तिथेच होत्या, त्यांनी तोवर काम कशावर बघून करायचं? स्वतःकडे वेगळी प्रत हवी ती याचसाठी.

तीन, दोन, एक

बॅकअपचा सोपा नियम आहे ३-२-१. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे तो सर्वत्र पोहोचला. अर्थ असा : डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी.

छोट्या ऑफिससाठी हे असं जमतं. पहिली प्रत कामाच्या संगणकावर, दुसरी बाहेरच्या हार्डडिस्कवर, तिसरी क्लाउडमध्ये किंवा मालकाच्या घरी. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक आहे, पण वर्षानुवर्षं ठेवायला भरवशाचा नाही.

दुसरी जागा कशाला, हे कोकणातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा पुरात टेबलावरचा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातली हार्डडिस्क, दोन्ही एकदमच जातात. दुसरी जागा म्हणजे दुसरी खोली नव्हे. दुसरी इमारत, शक्य असेल तर दुसरं गाव.

हार्डडिस्क काम झालं की काढून ठेवा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणी-व्हायरसने जगभरातले संगणक कुलूपबंद केले. असे व्हायरस संगणकाला जोडलेल्या डिस्कवरच्या फाईलीही कुलूपबंद करतात. कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत ते पोहोचत नाहीत.

कोणत्या सॉफ्टवेअरचा बॅकअप कसा?

वर्डच्या फाईली : अख्खं फोल्डर हार्डडिस्कवर कॉपी करा. दरवेळी तारखेचं नवं फोल्डर करा, जुन्यावर चढवू नका. विंडोजमधली फाईल हिस्ट्री ही सोय चालू केली तर हे काम आपोआपही होतं. वर्डचं ऑटोरिकव्हर मात्र वीज गेली तर कामी येतं, त्याला बॅकअप समजू नका.

गुगल डॉक्स : गुगल टेकआउटमधून सगळा ड्राइव्ह एकदम उतरवता येतो, डॉक्स वर्डच्या स्वरूपात मिळतात. जुन्या आवृत्त्यांसाठी मात्र त्यावर विसंबू नका, महत्त्वाची आवृत्ती मंजूर झाली की तिची वेगळी पीडीएफ काढून ठेवा.

कॉन्फ्लुएन्स, नोशन : दोन्हींत एक्सपोर्टची सोय आहे. कॉन्फ्लुएन्समधून पीडीएफ, एचटीएमएल आणि एक्सएमएल निघतं. पीडीएफ वाचायला उपयोगी, पण परत भरायला एक्सएमएल लागतं. दोन्ही काढा. नोशनमधून एचटीएमएल किंवा मार्कडाउन घेता येतं.

संगणकावर बसवलेलं स्वतंत्र सॉफ्टवेअर : याचा डेटा सहसा डेटाबेसमध्ये असतो. सॉफ्टवेअर चालू असताना ती फाईल नुसती कॉपी केली तर प्रत अर्धवट निघू शकते. सॉफ्टवेअरमधल्या बॅकअपच्या बटणानेच प्रत घ्या. जोडलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात का, हे विक्रेत्याला विचारून घ्या.

उर्दू आणि मराठी मजकुराची खास काळजी

आपल्याकडच्या अनेक संस्थांत उर्दू मजकूर इनपेजमध्ये आणि मराठी मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला असतो. जुन्या इनपेजची फाईल वर्डमध्ये उघडत नाही. कृतिदेवमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. फाईल शाबूत, पण वाचता येत नाही, असा हा प्रकार.

उपाय दोन. चालू वापरातला मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. त्यानंतर एकदा मूळ मजकुराशी ताडून वाचा, कारण रूपांतरात जोडाक्षरं आणि आकडे बिघडतात. औषधाचं किंवा पिठाचं प्रमाण असलेल्या ओळी तर दोघांनी मिळून तपासाव्यात. आणि प्रत्येक जुन्या फाईलची पीडीएफ काढून ठेवा. फॉन्ट त्यातच बांधला जातो, त्यामुळे कुठल्याही संगणकावर ती नीट दिसते.

परत आणून बघा

बॅकअप घेतला म्हणजे झालं, असं नाही. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचं काम चालू असताना एका चुकीच्या आदेशाने फाईली पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप उघडायला गेले तर तो सदोष निघाला. तांत्रिक दिग्दर्शक गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला.

म्हणून दर तीन महिन्यांनी बॅकअपमधल्या दोन-तीन एसओपी दुसऱ्याच संगणकावर उघडून बघा. फोटो दिसतात का? तक्ते जागेवर आहेत का? आवृत्ती ताजी आहे का? किती वेळ लागला तेही लिहून ठेवा.

वेळापत्रक

- रोज किंवा बदल झाला की : क्लाउडवरची प्रत
- आठवड्यातून एकदा : बाहेरच्या हार्डडिस्कवर प्रत, मग डिस्क काढून ठेवणं
- महिन्यातून एकदा : दुसऱ्या जागी ठेवायची प्रत बदलणं
- तीन महिन्यांनी : परत आणून बघण्याची चाचणी
- वर्षातून एकदा : प्रत्येक एसओपी वाचून कालबाह्य झालेली बाजूला काढणं
- माणूस नोकरी सोडताना, त्याच दिवशी : फाईलींची मालकी आणि परवानग्या बदलणं

आता सगळ्यात साधी गोष्ट. बॅकअप कुठे आहे, तो कसा उघडायचा, कोणाला फोन करायचा, ही पद्धतही एक एसओपीच आहे. ती त्याच संगणकात ठेवू नका. एका कागदावर छापून कपाटात लावा. अत्यावश्यक कामांच्या चार-पाच एसओपीही छापून एका फाईलला लावा आणि प्रत्येक पानावर आवृत्तीची तारीख घाला. नवी आवृत्ती आली की जुना कागद काढून टाका, नाहीतर कोणीतरी तोच बघून काम करेल.

या आठवड्यात एवढंच करा : आपल्या दुकानातली, ऑफिसातली, संस्थेतली सर्वात महत्त्वाची एक एसओपी निवडा आणि नेहमीचा संगणक बंद ठेवून ती मिळते का बघा. पाच मिनिटांत मिळाली तर उत्तम. नाही मिळाली, तर काम कुठून सुरू करायचं ते कळलं.