स्पेनची तांबडी कोशिंबीर

स्पेन देशांतील एका कोशिंबिरीविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. ती करावयास अर्धी घटकाही लागत नाहीं. पिकलेले टोमॅटो जाड चिरावे, वर मीठ व कांद्याच्या पातळ चकत्या घालाव्या. ‘चोरिझो’ नांवाच्या, डुकराच्या मांसाच्या मुरवलेल्या सॉसेजचे काप तव्यावर किंचित् परतावे आणि त्यांतून सुटलेली लालभडक चरबी व थोडा शिरका टोमॅटोंवर ओतावा. झाली कोशिंबीर! परंतु तिचा तांबडा रंग मूळचा स्पेनचा नव्हेच.

कोलंबस १४९३ मध्यें पहिल्या सफरीवरून परतला, तेव्हां मिरची स्पेनला पोहोंचली. पुढें १५२१ मध्यें कोर्टेसनें अॅझ्टेकांची राजधानी जिंकली. तेथील बाजारांत टोमॅटो व मिरची यांचीं कालवणें विकत मिळत, असें सहागून या फ्रान्सिस्कन साधूनें नोंदून ठेविलें आहे. इटलींतील वैद्य मॅटिओली यानें १५४४ मध्यें या फळाचा उल्लेख केला, तो वांग्याचा एक प्रकार म्हणून. आपल्याकडेही ज्यांनीं यास ‘वेलवांगें’ म्हटलें, त्यांनाही तेंच सुचलें, ही मोठी मौज आहे. सेव्हिल येथील एका रुग्णालयाच्या १६०८ सालच्या खरेदींत टोमॅटो व काकड्या आढळतात. ही कोशिंबिरीचीच तयारी असावी, असा विद्वानांचा तर्क आहे.

चोरिझोची कथा मात्र इतकी निरुपद्रवी नाहीं. हिवाळ्याच्या तोंडीं डुकरें मारावयाचीं, मांसास मीठ, लसूण व मिरचीची पूड चोळावयाची, आणि तें आंतड्यांत भरून वाळत टांगावयाचें, हा खेड्यापाड्यांतला वार्षिक उद्योग. पण १४९२ मध्यें यहुद्यांना ‘ख्रिस्ती व्हा, नाहीं तर देश सोडा’ अशी आज्ञा झाली, आणि तेव्हांपासून हाच पदार्थ निष्ठेची कसोटी होऊन बसला. धर्मांतर केलेल्या कुटुंबांत डुकराचें मांस शिजतें कीं नाहीं, भाजी चरबींत परततात कीं तेलांत, याची साक्ष इन्क्विझिशनपुढें घरची मोलकरीणही देई. ज्या घरांत चोरिझो टांगलेला दिसे, त्या घराकडे संशयानें पाहण्यास जागा कमी उरे. कोणी चवीनें खात असेल, कोणी भयानें. ताटावरून तें कळण्यास मार्ग नव्हता.

हेंच न्यायपीठ पोर्तुगीजांनीं १५६० मध्यें गोव्यांत आणलें; मधल्या थोड्या खंडाखेरीज तें १८१२ पर्यंत टिकलें. त्याच्या १७३६ च्या जाहीरनाम्यानें, हिंदूंप्रमाणें मीठ न घालतां भात शिजविण्यासही नव्या ख्रिस्त्यांना मनाई केली! स्वयंपाकघरांत इतक्या दूरवर शिरणारी सत्ता इतिहासांत विरळाच. त्याच पोर्तुगीजांबरोबर सॉसेजही गोव्यांत आलें आणि माडाच्या शिरक्यांत व भरपूर मिरचींत मुरून तेथील ‘चोरीस’ झालें. आज गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबें तें मोठ्या आवडीनें पावाबरोबर खातात.

एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. स्पेनचा पुरता वाळलेला चोरिझो तसाच खातां येतो. गोव्याचें चोरीस कच्चें असतें, तें शिजवावेंच लागतें. त्याची कोशिंबीर करणाऱ्यांनीं तें आधीं थोड्या पाण्यांत मंद आंचेवर शिजवावें, पाणी आटल्यावर त्याच्याच चरबींत परतावें, आणि मगच टोमॅटो चिरावयास घ्यावे.