मेलेले ढोर आणि सूक्ष्मदर्शक

मराठवाड्यातील सूक्ष्मजीवशास्त्राचा इतिहास कोठून सुरू करावा? विद्यापीठाच्या दप्तरात तो विभाग, पदव्या आणि प्रबंध यांच्या तारखांनी सुरू होतो. गावाच्या शिवेबाहेर मात्र तो फार आधीच सुरू झालेला आहे. जनावर मेले की ते ओढून नेणे आणि फाडणे महारांच्या वाट्याला, कातडे कमावणे ढोरांच्या वाट्याला. जनावर कशाने मेले हे विचारण्याचा अधिकार दोघांनाही नव्हता.

गावात ज्याला फाशी किंवा काळपुळी म्हणतात, तो अँथ्रॅक्स एका जिवाणूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉखने १८७६ साली दाखवून दिले. हा जिवाणू हवेच्या संपर्कात आला की बीजाणू तयार करतो आणि ते मातीत कित्येक वर्षे टिकून राहतात. न फाडलेल्या मृत देहात कुजण्याच्या क्रियेतच बहुतेक जिवाणू मरतात. म्हणून शास्त्राचा नियम असा की, अशा जनावराची चिरफाड करू नये, कातडे काढू नये, मांस खाऊ नये. ते खोल पुरावे किंवा जाळावे. शास्त्राने जे निषिद्ध ठरविले, नेमके तेच जातीने सक्तीचे केले होते. हा रोग त्वचेतून, अन्नातून आणि श्वासातून शिरतो. तिन्ही वाटा या माणसांच्या रोजच्या कामातून आणि भुकेतून जात होत्या.

सरकारने जंतूंचा अभ्यास केला नाही असे नाही. पुण्यात १८८९ साली जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली. १८९३ साली ती मुक्तेश्वरला गेली. तिचे लक्ष जनावरांच्या साथींवर होते. जनावराला किंमत होती. मराठवाडा तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस खाणे आणि मेलेली ढोरे ओढणे सोडण्यास सांगितले. तो स्वाभिमानाचा प्रश्न होता. आज आपण तो आरोग्याचाही प्रश्न म्हणून वाचू शकतो. पुढे १९५० साली त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद झाले. ढोर सोडलेल्या हातांना पुस्तक देण्याची ही व्यवस्था होती.

पण विद्यापीठाची वाट सरळ नव्हती. १९७८ साली नामांतराचा ठराव होताच नांदेड, परभणी जिल्ह्यांत दलित वस्त्या जळाल्या. पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याने या दोन तारखा शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत.

आज या प्रदेशात एकाच जंतूचे तीन मालक आहेत. माणसाला रोग झाला तर नांदेड-लातूरची वैद्यकीय महाविद्यालये, ती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली. जनावराला झाला तर १९८७ साली निघालेले उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, ते नागपूरच्या विद्यापीठाखाली. नुसत्या जंतूचा अभ्यास करायचा तर नांदेडचे विद्यापीठ. जंतूला मात्र ही हद्द ठाऊक नाही. सांसर्गिक गर्भपाताचा जिवाणू गायीच्या वारेतून आणि कच्च्या दुधातून माणसात येतो. ताप महिनोन् महिने रेंगाळतो आणि दुसऱ्याच रोगाच्या नावावर खपतो. गोठ्यात राबणारा मजूर, खाटीक, कातडी कामगार यांच्या रक्ताची तपासणी कोणत्या विभागाची? जो प्रश्न तिघांच्या मध्ये पडतो, तो सहसा कोणाचाच होत नाही.

म्हणूनच या विषयातील पीएच.डी. ही केवळ नावापुढची पदवी मानता येणार नाही. काहीजण विचारतील, ज्या ढोरापासून बाबासाहेबांनी आपल्याला दूर नेले, त्याच्याकडे परत का जावे? उत्तर सोपे आहे. तेव्हा जातीने पाठवले होते. आता प्रश्न घेऊन, हातमोजे घालून आणि नोंदवही उघडून जायचे आहे. पण संशोधनाला वर्षे लागतात, आणि भूमिहीनाच्या घरात तेवढी वर्षे शिल्लक नसतात. अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी २००५-०६ साली सुरू झालेली राष्ट्रीय फेलोशिप त्यासाठीच आहे. तिची रक्कम रखडली की एक प्रबंध थांबतो, आणि ज्यांच्या आजारांची नोंद कोणी ठेवली नाही, त्यांची नोंद आणखी एक पिढी पुढे ढकलली जाते.