इंग्रजी क्रियापदांचाही एक ‘पॅटर्न’ असतो

‘पॅटर्न’ हा शब्द लातूरकरांना नवा नाही. दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्यांमुळे आणि पुढे वैद्यकीय प्रवेश परीक्षांतील यशामुळे ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर ओळखला जाऊ लागला. शेजारच्या नांदेडनेही शिकवणी वर्गांचे मोठे केंद्र म्हणून नाव मिळवले. या दोन्ही शहरांत तालुक्यातील मराठी शाळांमधून येणारा विद्यार्थी अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतो, तेव्हा त्याच्या हाती एकदम इंग्रजी पुस्तके पडतात. दोन वर्षांत तो शेकडो इंग्रजी शब्द आत्मसात करतो. तरीही दोन वाक्ये बोलण्याची किंवा साधा अर्ज लिहिण्याची वेळ आली की तो अडखळतो. या अडखळण्याचे मूळ बहुधा शब्दांच्या तुटवड्यात नसते, तर क्रियापदांच्या रचनेत असते.

इंग्रजीतील क्रियापद एकटे येत नाही. आपल्यामागे काय यावे, हे ते स्वतःच ठरवते. कोणाला केवळ कर्म लागते, कोणाला मध्ये शब्दयोगी लागतो, कोणाला ‘टु’, तर कोणाला ‘इंग’ हा प्रत्यय. क्रियापदाच्या या ठरलेल्या चौकटीलाच ‘व्हर्ब पॅटर्न’ म्हणतात.

मराठीहून वेगळी घडण

मराठीत शब्दांचे नाते विभक्तीचे प्रत्यय सांगतात. ‘वाघाने हरीण मारले’ म्हणा किंवा ‘हरीण वाघाने मारले’ म्हणा, अर्थ बदलत नाही. इंग्रजीत नामांना असे प्रत्यय नाहीत. तेथे शब्दाची जागा हेच त्याचे नाते असते. शिवाय ‘मला पैसे हवेत’, ‘मला मराठी येते’ या वाक्यांत मराठी माणूस ‘मला’ने सुरुवात करतो, इंग्रजीत तोच माणूस ‘आय’ होऊन कर्त्याच्या जागी बसतो. ‘आय वाँट मनी’, ‘आय नो मराठी’.

या भागाचा इंग्रजीशी परिचयही तुलनेने उशिराचा आहे. पुण्या-मुंबईत एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शाळा रुजल्या, तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभारात उर्दूचे वर्चस्व होते आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवण्यास २००० मध्ये प्रारंभ झाला. म्हणजे ज्या घरांत आज मुले इंग्रजी शिकत आहेत, त्यांतील अनेक घरांत आई-वडिलांची इंग्रजीशी पहिली भेट पाचवीत झाली होती.

शब्द आले, सोबती मागे राहिले

आज रोजच्या मराठीत इंग्रजी क्रियापदांचा सुळसुळाट आहे. ‘विषय डिस्कस केला’, ‘मला एक पुस्तक सजेस्ट कर’, ‘गणित एक्सप्लेन कर’ अशी वाक्ये घरोघरी ऐकू येतात. मात्र मराठीत येताना हे शब्द ‘करणे’चा आधार घेतात आणि आपली मूळ चौकट मागे ठेवून येतात. पुढे तेच शब्द इंग्रजी वाक्यात वापरताना मराठीची चौकटही सोबत जाते. ‘मला एक पुस्तक सजेस्ट कर’चे सरळ ‘सजेस्ट मी अ बुक’ होते. शब्द माहीत असूनही वाक्य चुकण्याचे हे प्रमुख कारण होय.

कर्म थेट की शब्दयोगीसह?

मराठीत ‘प्रश्नावर चर्चा करतात’, ‘लातूरला पोचतात’, ‘एखाद्याशी लग्न करतात’. त्यामुळे ‘डिस्कस अबाउट’, ‘रीच टु लातूर’, ‘मॅरी विथ’ अशा रचना सहज तोंडी येतात. वस्तुतः डिस्कस, रीच, मॅरी, अटेंड, मेन्शन, रिझेम्बल ही क्रियापदे कर्म थेट घेतात. ‘वुई डिस्कस्ड द प्रॉब्लेम’, ‘वुई रीच्ड लातूर’ हीच शुद्ध रूपे.

उलट ‘गाणे ऐकले’, ‘बसची वाट पाहिली’ यांत मराठीला वेगळा शब्द लागत नाही, इंग्रजीला लागतो. ‘लिसन टु’, ‘वेट फॉर’, ‘लुक ॲट’, ‘अप्लाय फॉर’, ‘डिपेंड ऑन’, ‘बिलाँग टु’ या जोड्या एकच शब्द समजून पाठ कराव्यात.

‘गिव्ह मी’ चालते, ‘एक्सप्लेन मी’ चालत नाही

गिव्ह, सेंड, शो, टीच, टेल ही क्रियापदे दोन कर्मे शेजारी-शेजारी घेतात. ‘गिव्ह मी द बुक’ आणि ‘गिव्ह द बुक टु मी’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. मात्र एक्सप्लेन, डिस्क्राइब, से यांना ती मोकळीक नाही. ‘एक्सप्लेन द सम टु मी’ असेच म्हणावे लागते. ‘सजेस्ट’च्या बाबतीत ‘सजेस्ट अ गुड बुक’ एवढे पुरते. ‘ही सेड मी’ ही याच गटातील वारंवार होणारी चूक. ‘से’ आणि ‘टेल’ यांचा मराठी अर्थ एकच असला, तरी ‘टेल’ला माणूस लागतो आणि ‘से’ला बोललेली गोष्ट. म्हणून ‘ही टोल्ड मी’, किंवा केवळ ‘ही सेड’.

‘टु’ आणि ‘इंग’ : अर्थच पालटतो

एका क्रियापदामागे दुसरे क्रियापद आले की मराठीत ‘वाचायला आवडते’, ‘जायचे ठरवले’, ‘बोलणे टाळले’ अशी रूपे येतात. इंग्रजीत मुख्य वाटा दोन. वाँट, होप, डिसाइड, प्लॅन, अग्री, रिफ्यूज, प्रॉमिस, मॅनेज यांच्यामागे ‘टु’ येतो. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, सजेस्ट, कन्सिडर, कीप यांच्यामागे ‘इंग’. ‘आय डिसायडेड टु गो’, परंतु ‘आय एन्जॉय रीडिंग’. पुढे घडावयाच्या गोष्टीकडे पाहणारी क्रियापदे बहुधा ‘टु’ घेतात, हे सूत्र उपयोगी असले तरी ते सर्वत्र लागू पडत नाही. ‘सजेस्ट’ आणि ‘कन्सिडर’ हे त्याचे ठळक अपवाद.

बिगिन, स्टार्ट, कंटिन्यू यांच्यामागे दोन्ही रूपे चालतात आणि अर्थ फारसा बदलत नाही. स्टॉप, रिमेंबर, फर्गेट, ट्राय यांच्या बाबतीत मात्र अर्थ बदलतो. हा भेद वैद्यकीय शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने विशेष ध्यानात घ्यावा. नीट परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते; परंतु वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णाची टिपणे सर्वसाधारणपणे इंग्रजीतच लिहिली जातात. ‘द पेशंट स्टॉप्ड टेकिंग द टॅबलेट्स’ म्हणजे रुग्णाने गोळ्या घेणे बंद केले. ‘द पेशंट स्टॉप्ड टु टेक द टॅबलेट्स’ म्हणजे गोळ्या घेण्यासाठी तो थांबला. औषध बंद झाले की घेतले गेले, हे एका ‘टु’वर अवलंबून आहे. तसेच ‘डू यू रिमेंबर टेकिंग द टॅबलेट?’ म्हणजे गोळी घेतल्याचे आठवते का. ‘रिमेंबर टु टेक द टॅबलेट’ म्हणजे गोळी आठवणीने घ्या. पहिला प्रश्न झालेल्या गोष्टीविषयी, दुसरी सूचना व्हावयाच्या गोष्टीविषयी.

पत्राच्या शेवटी येणाऱ्या ‘लुक फॉरवर्ड टु’मधील ‘टु’ फसवा आहे. तो शब्दयोगी असल्याने त्यामागे ‘इंग’ येतो : ‘आय लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू’.

लावणे, देणे, करून घेणे

दुसऱ्याकडून काम करवण्याच्या रचना मराठी माणसाला सोप्या वाटाव्यात, कारण त्या त्याच्या भाषेत आधीच आहेत. ‘लिहायला लावले’ म्हणजे ‘मेड’, ‘जाऊ दिले’ म्हणजे ‘लेट’ आणि ‘करून घेतले’ म्हणजे ‘गॉट डन’. ‘द टीचर मेड अस राइट’, ‘ही लेट मी गो’, ‘आय गॉट द फॉर्म फिल्ड’. मेक आणि लेट यांच्यामागे ‘टु’ येत नाही, एवढे सांभाळावे. मात्र कर्मणी रचनेत ‘मेक’चा ‘टु’ परत येतो : ‘वुई वेअर मेड टु राइट’. ‘हेल्प’ला दोन्ही चालते.

‘तुम्ही यावे असे मला वाटते’ या वाक्यातील ‘असे’मुळे ‘आय वाँट दॅट यू कम’ अशी रचना सुचते. वाँट, आस्क, टेल, अलाउ, ॲडव्हाइज, एक्स्पेक्ट यांची चौकट क्रियापद, माणूस आणि ‘टु’ अशी आहे. ‘आय वाँट यू टु कम’.

‘करायलो’ची कसोटी

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय ॲम नोइंग द आन्सर’ ही वाक्ये मुलाखतींत हटकून ऐकू येतात. ती तपासण्याची एक कसोटी नांदेड-लातूरच्या बोलीतच आहे. येथे चालू क्रियेसाठी ‘काय करायलास?’, ‘अभ्यास करायलो’ असे म्हणतात आणि नित्याच्या गोष्टीसाठी ‘रोज अभ्यास करतो’. हा भेद ‘आय ॲम स्टडिंग’ आणि ‘आय स्टडी’ यांतील भेदाशी जुळतो. आता ‘मला दोन भाऊ असायलेत’ असे कोणी म्हणत नाही. ‘दोन भाऊ आहेत’ असेच म्हणतात. तेव्हा इंग्रजीतही ‘आय हॅव टू ब्रदर्स’. कसोटी प्रत्येक शब्दाला लागू पडत नाही. ‘आता समजायलंय’ असे बोलीत म्हणता येते, पण इंग्रजीत बहुधा ‘आय अंडरस्टँड’च म्हणतात. तरीही गावाकडची म्हणून जी बोली वर्गात दाबली जाते, तीच येथे व्याकरण शिकवू शकते.

कालावधीच्या वाक्यात मात्र मराठीचा आधार सोडावा लागतो. ‘दोन दिवसांपासून ताप आहे’ यात मराठी वर्तमानकाळ वापरते. इंग्रजीत ‘ही हॅज हॅड फीव्हर फॉर टू डेज’ अशी रचना लागते. ‘फॉर’ कालावधीसाठी आणि ‘सिन्स’ प्रारंभाच्या क्षणासाठी : ‘फॉर टू डेज’, पण ‘सिन्स मंडे’.

शब्दकोश कसा वाचावा?

तर्खडकर भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या अनेक पिढ्यांनी इंग्रजी घटवले. वाक्याला वाक्य ठेवून शिकण्याची ती पद्धत होती. क्रियापदांच्या चौकटींची शिस्तबद्ध मांडणी शब्दकोशात आणण्याचे मोठे श्रेय ए. एस. हॉर्नबी यांना जाते. जपानमध्ये इंग्रजी शिकवताना त्यांनी सहकाऱ्यांसह सिद्ध केलेला कोश १९४२ मध्ये तेथे प्रसिद्ध झाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रकाशित केला. भारतीय विद्यार्थ्यांच्या परिचयाची ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ ती हीच. १९५४ च्या आपल्या मार्गदर्शिकेत हॉर्नबी यांनी क्रियापदांचे २५ पॅटर्न मांडले.

अशा कोशात शब्दाचा अर्थ पाहून पान मिटणे म्हणजे अर्धेच काम करणे होय. अर्थाशेजारी ‘समथिंग’, ‘समबडी’, ‘टु डू’, ‘डुइंग’ असे जे संकेत छापलेले असतात, तेच त्या क्रियापदाची चौकट सांगतात. ‘एक्सप्लेन म्हणजे समजावणे’ अशी नोंद करण्याऐवजी विद्यार्थ्याने वहीत ‘एक्सप्लेन समथिंग टु समबडी’ लिहावे आणि त्याखाली स्वतःच्या रोजच्या जगण्यातले एक वाक्य जोडावे. दिवसाकाठी तीन क्रियापदे अशी टिपली, तरी वर्षात हजाराहून अधिक नोंदी होतात. रोजच्या व्यवहारातील इंग्रजीला इतक्या क्रियापदांची गरजही पडत नाही.