चांद्याचे ५२ तास

न्हावऱ्याहून पारगावकडे जाणाऱ्या रस्त्याला, शिरूर तालुक्याच्या टोकाला आमची वस्ती आहे. भीमेवरचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो. गेल्या डिसेंबरात घरातलं कुत्र्याचं पिल्लू ज्या क्रमानं हातातून गेलं, तो क्रम इथे मांडतोय. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून त्याचं नाव चांद्या. जात गावठी, वय चार महिने.

शनिवार, संध्याकाळी ७. शिल्लक ५२ तास.

बाजारातून सुके बोंबील आणले होते. पुड्याला निळ्या प्लॅस्टिकच्या सुतळीचे चार वेढे होते. गाठ सुटेना, म्हणून बायकोनं सुतळी विळीवर कापली आणि चुलीशेजारी टाकली. बोंबील तव्यावर पडले, घरभर वास सुटला. सुतळीलाही तोच वास.

चार महिन्यांच्या पिलाच्या तोंडात काय चाललेलं असतं, हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. दुधाचे २८ दात पडत असतात आणि त्यांच्या जागी पक्के ४२ यायचे असतात. हिरड्या शिवशिवतात. चप्पल, खराट्याच्या काड्या, ठिबकच्या नळीचा तुकडा, जे सापडेल ते ते चावतं. त्याला आपण खोड म्हणतो आणि हाकलून देतो.

सात-वीसला माझी नऊ वर्षांची मुलगी ओसरीवरून ओरडली, "पप्पा, चांद्यानं सुतळी गिळली!" शेवई ओढावी तसं शेवटचं टोक आत जाताना तिनं पाहिलं होतं. मी भाकरी मोडत होतो. म्हणालो, "निघेल उद्या."

शनिवार, रात्री ११. शिल्लक ४८.

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीला होती. उसाला पाणी द्यायला मी मोटारीवर गेलो. चांद्या नेहमीसारखा बॅटरीच्या उजेडामागे पळत आला आणि पाटाच्या कडेनं उड्या मारत राहिला. दुखण्याची एकही खूण नव्हती. सुतळी तेव्हा बहुधा जठरातच असावी. तिथून ती काढणं पशुवैद्याला सगळ्यात सोपं जातं. आतड्यात उतरली की मग गोष्ट वेगळी होते.

रविवार, सकाळी ६. शिल्लक ४१.

अंगणात पिवळ्या फेसाची उलटी. दूध-भाकरी दिली, तीही दहा मिनिटांत बाहेर आली. शेपटी मात्र हलवत होता.

मला लगेच आठवला पार्व्हो. पावसाळ्यात वस्तीवरची दोन पिल्लं त्यानंच गेली होती. १९७८ च्या सुमारास जगभर एकदम दिसू लागलेला हा रोग आता खेड्यापाड्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. पिल्लू ओकायला लागलं की लोक दुसरं काही विचारातच घेत नाहीत. उलट्या, सुस्ती, अन्न टाकणं ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच. विष्ठेच्या नमुन्यावरून पार्व्हो आहे की नाही हे काही मिनिटांत सांगणारी तपासणी असते, पण त्यासाठी पिल्लू डॉक्टरांपर्यंत न्यावं लागतं. मी नेलं नाही. रविवार होता, शिवाय पार्व्होवर औषध नाही असं मीच ठरवून टाकलं होतं. चांद्याला लस टोचायची राहिली होती. टोचली असती, तर पार्व्होची शंका माझ्या मनात एवढी पक्की बसली नसती. मग कदाचित मुलीचं बोलणं आठवलं असतं.

रविवार, सकाळी ११. शिल्लक ३६.

शेजारचे नाना आले. त्यांनी आयुष्यभर जनावरं सांभाळलीत, त्यांच्या शब्दाला वस्तीवर मान आहे. "पोट साफ होऊ दे," म्हणाले. मी दोन चमचे एरंडेल पाजलं.

आत काय घडत होतं ते मला सोमवारी कळलं, पण त्याची जागा इथेच आहे. गिळलेल्या दोरीचं एक टोक जठराच्या तोंडाशी अडकतं. उरलेली दोरी आतड्यात उतरते. आतडं आपल्या सवयीनं तिला पुढे ढकलत राहतं, पण टोक सुटत नाही. परकराच्या नेफ्यातली नाडी ओढली की कापड चुण्या पडून गोळा होतं ना, तसं ते आतडं दोरीवर गोळा होत जातं. नाडी ताठ, कापड चुरगळलेलं. मग प्रत्येक लाटेबरोबर ताठ सुतळी आतड्याच्या आतल्या कडेवर घासते, करवतीसारखी. आणि मी एरंडेल पाजून त्या लाटांचा जोर वाढवला होता.

रविवार, रात्री ९. शिल्लक २६.

चांद्या गोठ्याजवळ विचित्र उभा होता. पुढचे दोन्ही पाय जमिनीला टेकवलेले, छाती खाली, मागचा भाग वर. देवापुढे लवावं तसा. मुलगी म्हणाली, "नमस्कार करतोय." मला वाटलं, आळस देतोय. थोडा वेळ तसाच राहिला, मग आडवा झाला आणि दोन मिनिटांनी पुन्हा तसाच उभा. पोटात असह्य कळ असली की कुत्रं असं उभं राहतं. कुत्री मी लहानपणापासून पाहत आलोय, ही खूण मात्र कुणी कधी सांगितली नव्हती. रात्रभर त्यानं एकदाही आवाज केला नाही.

सोमवार, सकाळी ७. शिल्लक १६.

पिलाला चिकट, थोडीशी शी झाली. शेपटीखाली निळं टोक लोंबत होतं.

मला केवढा आनंद झाला! मुलीला हाक मारली, "बघ, निघाली." टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. दोन इंच सहज आली. मग अडकली. मी आणखी ओढलं. बोटांना जाणवलं ते अजून जात नाही: दोरीला काही अडकल्यासारखं नव्हतं ते, पलीकडून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं होतं. चांद्यानं मान वळवून माझ्या मनगटावर दात ठेवले. चावला नाही, नुसते ठेवले. मी सोडून दिलं.

असं टोक कुणाला दिसलं तर ओढू नका. लोंबणारा भाग जमलं तर कात्रीनं आखूड करा आणि पिल्लू उचलून निघा. जिभेखाली दोरी अडकलेली दिसली तर तिला हातही लावू नका.

सोमवार, सकाळी १०. शिल्लक १३.

गाईंना तपासायला डॉक्टर वस्तीवर आले होते. चांद्याचं पोट दोन्ही हातांत धरून त्यांनी डोळे मिटले आणि बोटं सावकाश फिरवली. "काही गिळलंय का यानं?" एकोणचाळीस तासांत हा प्रश्न विचारणारे ते पहिले. मुलीनं सगळं सांगितलं. त्यांनी सलाईन लावलं, दुखणं कमी करणारं इंजेक्शन दिलं. म्हणाले, "आत्ताच्या आत्ता पुण्याला न्या. इथं आतड्याचं ऑपरेशन होणार नाही."

आमचा भाग दुधाचा. गाय अडली तर मध्यरात्री माणूस येतो, आणि ते योग्यच आहे. पण कुत्र्याची सोनोग्राफी करायची तर हडपसरच्या अलीकडे काही सोय आहे का, हे त्या दिवशी ना त्यांना सांगता आलं ना मला.

सोमवार, दुपारी १२. शिल्लक ११.

गाडी मिळवण्यात दीड तास गेला. पारगावच्या पुलाआधी उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रांगेनं उभे. गळीत हंगामात त्या रस्त्याला घाई चालत नाही. केडगाव, चौफुला, मग सोलापूर हायवे, यवत, उरुळी कांचन. चांद्या बारदानावर पडून होता. हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या आणि बारदानातून थंडी वर यावी तसा गार लागत होता. मांजरीच्या पुढे वाहनं पुन्हा तुंबली.

सोमवार, दुपारी साडेतीन. शिल्लक साडेसात.

एक्स-रेमध्ये सुतळी दिसली नाही. प्लॅस्टिक, कापड, रबर त्यात सहसा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नसतो. सोनोग्राफीत चुण्या दिसल्या. पडद्यावर बोट ठेवून डॉक्टरीणबाईंनी मला त्या मोजून दाखवल्या.

सोमवार, संध्याकाळी ६. शिल्लक ५.

आतड्याला दोन जागी भोकं पडली होती. आतली घाण पोटभर पसरली होती. बाईंनी तीन ठिकाणी छेद घेऊन सुतळी तुकड्या-तुकड्यानं काढली, भोकं शिवली, पोट धुतलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "रविवारी सकाळी आणलं असतं तर." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

तुकडे स्टीलच्या ताटलीत होते. मी शेजारी शेजारी लावून मोजले. दोन फूट सात इंच.

सोमवार, रात्री ११.

साडेदहाला त्यानं एकदा डोळे उघडले. मी हात पुढे केला तेव्हा मनगट हुंगलं. अकराला श्वास थांबला.

पारगावचा पूल पुन्हा ओलांडला तेव्हा दीड वाजला होता. रस्ता मोकळा होता. ओसरीवर दिवा जळत होता आणि मुलगी पायरीवर बसली होती. गाडीच्या मागच्या फळीकडे तिनं पाहिलं, बारदान गुंडाळलेलं पाहिलं.

"पप्पा, सुतळी निघाली का?"

"निघाली," मी म्हणालो.