तळटीप : ‘एच-निर्देशांक’

* एच-निर्देशांक : अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेले माप. एखाद्याच्या २० शोधनिबंधांचा प्रत्येकी किमान २० वेळा संदर्भ घेतला गेला, तर निर्देशांक किमान २०. नांदेड-लातूरच्या अन्नशास्त्राच्या प्राध्यापकांच्या परिचयपत्रातही हा आकडा आता दिसतो. गूगल स्कॉलर व स्कोपस या संदर्भ मोजणाऱ्या सेवांचे आकडे मात्र जुळत नाहीत. कोणता घेतला, हे विचारावेच. जुन्या संशोधकांना तर हे माप लावूच नये. उदाहरणार्थ, जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी (केंब्रिजची पीएच.डी., १९३९) यांनी नीरेची पोषकता तपासली, कडधान्यांतील प्रथिने पचण्यात अडथळा आणणारी द्रव्ये अभ्यासली. डाळीच्या व्यापारावर उभ्या असलेल्या लातूरच्या विद्यार्थ्यांनी त्यांचे काम मुळातून वाचावे.
— संपादक