माहिती देणाऱ्याचे नाव

टिटवाळ्यानंतरचं स्टेशन खडवली. भातसा नदीवर सुट्टीच्या दिवशी उसळणाऱ्या गर्दीमुळे हे नाव मुंबईकरांना माहीत आहे. दुसरी ओळख मातोश्री वृद्धाश्रमाची. तो प्रत्यक्षात भिवंडी तालुक्यातल्या सोरगावात, पण लोक म्हणतात खडवलीचाच. 1995 साली युती सरकारने मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. सरकारी निकषांत प्रवेशाचं वय पुरुषांसाठी 60, स्त्रियांसाठी 55. खाटा, जेवण, शुल्क, उत्पन्न, सगळ्याला रकाने आहेत. आश्रमात येण्याआधी त्या माणसाचं घरी कोणी केलं, किती वर्षं केलं, याला मात्र रकाना नाही. ते शोधायचं तर दुसरी दप्तरं उघडावी लागतात, आणि त्यांतही जे लिहिलेलं नाही तेच वाचावं लागतं.

पहिलं दप्तर जन्म-मृत्यू नोंदणीचं. 1969 च्या मूळ कायद्यात घरातल्या मृत्यूची माहिती कोणी द्यावी याचा क्रम ठरवलेला आहे: कुटुंबप्रमुख, तो नसेल तर त्याचा घरात असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक, तोही नसेल तर हजर असलेला वयाने सर्वांत मोठा पुरुष. रुग्णालयातल्या मृत्यूची जबाबदारी तिथल्या प्रमुख डॉक्टरवर. धर्मशाळा, वसतिगृह, बराक, इतकंच काय ताडीचं दुकानही कायद्याने नाव घेऊन सांगितलं आहे. त्या यादीत वृद्धाश्रम नाही. म्हातारपण घरातच सरणार हे कायदा लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरलं असावं, असा माझा तर्क.

मृत्यूच्या नोंदीचा नमुना 2 तर पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. मृत व्यक्ती तंबाखू खात होती का, किती वर्षं? धूम्रपान, सुपारी, दारू, किती वर्षं? शेवटी वैद्यकीय मदत मिळाली का, कुठे? व्यसनाची वर्षं मोजणाऱ्या या कागदावर अंथरुणाला खिळल्याची वर्षं नाहीत. कूस कोणी बदलली, बेडसोर कोणी पुसले, भरवलं कोणी, हेही नाही. खाली एवढंच असतं: माहिती देणाऱ्याचे नाव व पत्ता. त्या ओळीवर मुलाची सही असली म्हणून सेवा मुलाने केली असं धरणारा इतिहासकार फसेल.

2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने सांभाळण्याचं कर्तव्य ठरवलं आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम असावा असंही म्हटलं. पण त्यातल्या 'अपत्य' या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात एवढेच येतात. सून नाही. कर्तव्य तिच्यावर लादलं नाही हे ठीकच. पण बहुतेक घरांत ते निभावलं तिनेच, आणि तिची नोंद इथेही राहिली नाही.

निरोपाबद्दल थेट बोलणारा कागद सापडतो तो 15 मार्च 2020 चा. कोविडच्या मृतदेहांबाबत केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सूचना काढल्या. बॅगची चेन उघडून नातेवाइकांना चेहरा पाहता येईल. आंघोळ घालायची नाही, मिठी मारायची नाही, चुंबन घ्यायचं नाही. पोथी वाचता येईल, तीर्थ शिंपडता येईल, मात्र स्पर्श नाही. संसर्गाच्या दृष्टीने हे बरोबरच होतं. पण वर्षानुवर्षं रोज आंघोळ घालणाऱ्याला शेवटची आंघोळ नाकारणारा कागद म्हणूनही तो जपायला हवा. नोव्हेंबर 2021 च्या अखेरीस, 'ओमिक्रॉन'चं नाव जगाला नुकतंच कळलं होतं तेव्हा, सोरगावच्या या आश्रमातले साठाहून अधिक वृद्ध बाधित निघाले आणि त्यांना ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात हलवलं गेलं. बातम्यांत आकडे आले. पुढे वर्तमानपत्रांचं लक्ष दुसरीकडे गेलं.

अलीकडच्या दोन निकालांनी निरोपाला निदान कागदोपत्री जागा दिली. 9 मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याबाबतचं इच्छापत्र मान्य केलं. 24 जानेवारी 2023 ला त्यावरची न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अट काढून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा ठरवला. त्या इच्छापत्रात आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा त्या माणसाचं नाव लिहायचं असतं. सुनेचंही लिहिता येतं.

तरी उरलेला पुरावा सरकारी दप्तरात मिळणार नाही, तो तुमच्या घरात आहे. गोळ्यांच्या वेळा लिहिलेली वही, केअरटेकर बाईंच्या हजेरीचं कॅलेंडर, डायपरची बिलं. तेराव्यानंतर घर आवरताना ती रद्दीत घालू नका. वहीच्या पहिल्या पानावर तारीख लिहा, कोणी कोणाचं केलं ते लिहा, आणि सांभाळणाऱ्याचं पूर्ण नाव लिहा.