पी.एम. मधला एम आणि वाशीमचा मध्यमेश्वर

दुपारी बारा वाजले की कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात ए.एम. जाऊन पी.एम. येतं. पोस्ट मेरिडियम, म्हणजे मध्यान्हानंतर. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण मंडळी, या 'मेरिडियम'च्या पोटात काय आहे?

लॅटिनमध्ये मेडियुस म्हणजे मधला आणि दिएस म्हणजे दिवस. दोन्ही जोडले की मेदिदिएस. आता दोन 'द' असे लागोपाठ आले की जीभ अडखळते. पहिल्या 'द'चा 'र' झाला आणि उरलं मेरिदिएस. हा नुसता तर्क नाही बरं का. व्हॅरो नावाचा इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन पंडित लिहून गेलाय, की प्रेनेस्ते गावच्या सूर्यघड्याळावर 'द'वालं जुनं रूप कोरलेलं त्यानं स्वतः पाहिलं होतं! याच शब्दावरून पुढे मेरिडियन आला : ज्या रेषेवर सगळीकडे एकदमच मध्यान्ह होते ती रेषा.

मेडियुस आणि आपला 'मध्य' एकाच मुळाचे. दिएस आणि 'दिवस'चंही तेच. लगेच "बघा, इंग्रजांनी आमचा शब्द ढापला" असल्या ढकलपत्रांची आठवण होईल, पण तसं नाही. संस्कृत आणि लॅटिन या बहिणी. आई त्याहून जुनी. मला तर हे नातं चोरीपेक्षा जास्त आवडतं.

आता वाशीमला या. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथे मध्यमेश्वराचं देऊळ आहे, आणि पृथ्वीची मध्यरेषा इथून जाते असं गावात सांगतात. आपण हसून सोडून देऊ, पण थांबा. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराच्या महाभास्करीयात लंका ते मेरू या रेषेवरच्या गावांची यादी आहे, तिच्यात हे गाव आहे. भास्कराचार्यांच्या ११८३ च्या करणकुतूहलातही 'भुवो मध्यरेखा' सांगताना उज्जैनसोबत वत्सगुल्म येतं. म्हणजे मध्यमेश्वर आणि मेरिडियन, अर्थानंही एक आणि मुळानंही एक.

यादीचा उपयोग अगदी व्यवहारातला. गणित उज्जैनच्या रेषेचं. पूर्वेच्या-पश्चिमेच्या गावांना देशांतराची दुरुस्ती करावी लागे. रेषेवरच्या गावाला दुरुस्ती शून्य. आमच्या भाषेत, डीफॉल्ट टाइमझोन!

खरं तर रेषा सरळ नाही. उज्जैन ७५ अंश ४६ कलांवर, वाशीम साधारण ७७ अंश ८ कलांवर. फरक सुमारे साडेपाच मिनिटांचा. पण देशांतर काढायचं ते चंद्रग्रहण दोन गावांत किती वाजता दिसलं यावरून, आणि हाताशी पाण्याची घटिका, चोवीस मिनिटांची. पाव घटकेपेक्षा कमी चूक! आमचे सर्व्हर याहून जास्त भरकटलेले मी पाहिलेत.

असो. १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवरून ठरते. त्यामुळे वाशीमला सूर्य दिवसाच्या मध्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा वाजून एकवीस मिनिटं झालेली असतात, आणि पी.एम. केव्हाच लागलेलं असतं.